थांबा म्हटलं, म्हणजे थांबलं का?

शेजारच्या काकींचा मधला मुलगा तेलवाहू जहाजावर नोकरीला आहे. जहाज आखाताच्या तोंडाशी आलं, की काकी टीव्हीचा आवाज बंद करतात आणि नुसती खालची पट्टी वाचत बसतात. आरडाओरडा सोसत नाही आणि बातमी सोडवतही नाही. अशाच एका रात्री जेवणं आटोपल्यावर त्या आमच्या ओटीवर आल्या. "शस्त्रसंधीचं आवाहन केलंनी, असं लिहून आलंय. म्हणजे थांबलं ना गो?"

थांबलं नव्हतं. पण 'नाही' एवढंच सांगून त्यांना परत पाठवलं असतं, तर तेही अर्धवट झालं असतं, कारण त्या आवाहनाला काहीच अर्थ नव्हता असं नाही. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांतलं एखादं माणूस आखातात, जहाजावर किंवा गुजरातच्या बोटीवर असतं. त्या घरांना ही बातमी परदेशातली वाटत नाही. म्हणून काकींना त्या रात्री आणि पुढच्या चार-सहा संध्याकाळी जे सांगितलं, ते इथे लिहून काढते आहे.

आधी एक गाठ सोडवून घेऊ. अशा निवेदनांत दोन गोष्टी एका दमात म्हटल्या जातात: 'ताबडतोब शस्त्रसंधी करा आणि नागरिकांचं रक्षण करा.' एकाच वाक्यात आल्यामुळे त्या एकच वाटू लागतात. शस्त्रसंधी झाली की लोक सुरक्षित, आणि ती होत नाही तोवर लोकांचे हाल व्हायचेच, असा आपला समज होतो. तो चुकीचा आहे. शस्त्रसंधी मागावी लागते, आणि लढणाऱ्यांनी मान्य केली तरच ती होते. नागरिकांचं रक्षण कुणाच्या मान्यतेसाठी अडून राहत नाही. तोफा चालू असतानाच ते करायचं असतं, आणि ते बंधन जगातल्या सगळ्या देशांनी फार पूर्वी लेखी पत्करलेलं आहे. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या, की बातमीतलं निम्मं धुकं जातं.

शब्दांचा घोटाळा

शस्त्रसंधी, युद्धविराम, युद्धबंदी हे शब्द आपली वर्तमानपत्रं अदलून-बदलून वापरतात. प्रत्यक्षात थांबण्याचे प्रकार वेगवेगळे असतात.

सगळ्यात लहान प्रकार काही तासांच्या विरामाचा. जखमी हलवायला, धान्य-औषधं आत न्यायला, अडकलेली माणसं बाहेर काढायला तेवढी उसंत द्यायची. युद्ध चालूच असतं. एप्रिल २०१५ मध्ये येमेनमधून आपली माणसं आणली, ते 'ऑपरेशन राहत' आठवत असेल. साडेचार हजारांहून अधिक भारतीय आणि त्यांच्याबरोबर इतर ४१ देशांचे ९६० लोक तेव्हा बाहेर निघाले. सौदी अरेबियाच्या नेतृत्वाखालचे हवाई हल्ले थांबले नव्हते. सना विमानतळावर आपली विमानं उतरायची, ती परवानगी मिळालेल्या ठरावीक वेळेत. जून २०२५ मध्ये इराण आणि इस्रायल यांच्यात क्षेपणास्त्रं चालू असताना इराणने आपली बंद केलेली हवाई हद्द भारतीय विद्यार्थ्यांना आणणाऱ्या विमानांसाठी उघडली होती. त्या दिवशी शस्त्रसंधी झालेली नव्हती, तरी मुलं घरी आली.

त्यापुढची पायरी शस्त्रसंधीची. गोळीबार थांबवायचा, कधी मुदतीपुरता, कधी बेमुदत. भांडण मिटलेलं नसतं. कोरियात २७ जुलै १९५३ रोजी लढाई थांबवण्याचा लष्करी करार झाला, पण तह आजतागायत झालेला नाही. म्हणजे सत्तर वर्षांहून अधिक काळ ते युद्ध थांबलेलं आहे, संपलेलं नाही. तह ही शेवटची पायरी, आणि तिथपर्यंत पोहोचणारी युद्धं थोडी.

गडगा आणि 'जैसे थे'

आमच्याकडे ज्याच्या घरात बांधाचा किंवा वहिवाटीचा दावा होऊन गेला आहे, त्याला शस्त्रसंधीतली खरी मेख सहज कळते. समजा, भावकीतल्या एकाने ऐन पावसाळ्यात हद्दीवरचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, उकलला आणि चार हात आत रचला. तुम्ही कोर्टात गेलात. कोर्ट म्हणालं, निकाल लागेपर्यंत 'जैसे थे'. हुकूम दोघांनाही सारखाच. पण ज्याने गडगा सरकवला, त्याची कलमं त्या चार हातांत वाढत राहतात, आणि ज्याची जमीन गेली तो तारखांना फेऱ्या मारत राहतो. म्हणून जाणता वकील पहिला प्रश्न हाच विचारतो, की 'जैसे थे' कुठल्या तारखेचं? गडगा सरकण्याआधीचं की नंतरचं?

शस्त्रसंधीच्या आवाहनातही हाच प्रश्न असतो, आणि तो विचारला नाही तर काय होतं ते इराण-इराक युद्धात दिसलं. २२ सप्टेंबर १९८० रोजी इराकी सैन्य इराणमध्ये शिरलं. सहा दिवसांनी, २८ सप्टेंबरला, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ४७९ क्रमांकाचा ठराव केला. दोघांनीही बळाचा वापर ताबडतोब थांबवावा, असं त्यात होतं. इराकी सैन्याने आपल्या हद्दीत परत जावं, असं मात्र त्यात कुठेही नव्हतं. इराणच्या नजरेने हा गडगा सरकवणाऱ्याच्या बाजूचा हुकूम झाला. त्याने तो झिडकारला. युद्ध आठ वर्षं चाललं. पुढे दोन्ही बाजू एकमेकांच्या तेलाची वाहतूक करणाऱ्या जहाजांवर हल्ले करू लागल्या, आणि कुठल्याच पक्षात नसलेले खलाशी त्यात मेले.

२० जुलै १९८७ ला परिषदेने ५९८ क्रमांकाचा ठराव केला, आणि या वेळी भाषा बदललेली होती. जमिनीवर, समुद्रात आणि हवेत लढाई थांबवा, सैन्यं आंतरराष्ट्रीय सीमेपर्यंत मागे न्या, युद्धकैदी सोडा. युद्धाला जबाबदार कोण, याची निःपक्षपाती चौकशी करण्याचा मुद्दाही त्यात घेतला होता. इराकने होकार दिला. इराणने जवळजवळ वर्षभर घेतलं, आणि अखेर २० ऑगस्ट १९८८ रोजी बंदुका थांबल्या. शब्द नीट लिहिले म्हणून युद्ध थांबलं, असं मी म्हणणार नाही. तोवर दोन्ही देश पार थकले होते. पण थकलेल्याला मान खाली न घालता मागे फिरायचं असतं, तेव्हा हातात धरायला एक कागद लागतो. तो कागद वर्षभर आधीपासून टेबलावर तयार होता. आवाहनांचा एक उपयोग हा असतो, आणि तो बातमीच्या दिवशी दिसत नाही.

आपणही एकदा आवाहनाच्या दुसऱ्या टोकाला होतो, हे विसरून चालणार नाही. डिसेंबर १९७१ मध्ये सुरक्षा परिषदेत युद्ध थांबवण्याचे ठराव आले, आणि सोव्हिएत संघाने आपल्या बाजूने नकाराधिकार वापरून ते अडवले. मग विषय आमसभेत, म्हणजे सगळ्या सदस्य देशांच्या सभेत, गेला. ७ डिसेंबरला १०४ देशांनी शस्त्रसंधीच्या आणि सैन्य मागे घेण्याच्या बाजूने मत दिलं, ११ विरोधात, १० तटस्थ. भारत विरोधात होता. त्या वेळी पूर्व पाकिस्तानातून जवळजवळ एक कोटी निर्वासित आपल्याकडे आलेले होते, आणि 'आहात तिथे थांबा' याचा अर्थ त्यांना छावण्यांतच ठेवा असा होत होता. १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली, आणि दुसऱ्या दिवशी रात्री आठपासून भारताने पश्चिमेकडे आपल्या बाजूने गोळीबार थांबवला. तेव्हा शस्त्रसंधी मागणारा नेहमीच न्यायाच्या बाजूला असतो असं नाही, आणि नाकारणारा नेहमीच युद्धखोर असतो असंही नाही. कुठे थांबा म्हणताहेत, हे पाहिल्याशिवाय मत बनवू नये.

कोण म्हणतं आणि कुठल्या क्रियापदात

मुत्सद्द्यांच्या भाषेत सगळं वजन क्रियापदात असतं. 'चिंता वाटते' हे सगळ्यात हलकं. त्याने कुणालाच काही करावं लागत नाही. 'संयम बाळगा असं आवाहन करतो' हे त्याहून थोडं वर. 'मागणी करतो' यात दाब असतो. सुरक्षा परिषद जेव्हा 'ठरवते', तेव्हा ते पाळणं सदस्य देशांवर बंधनकारक होतं. आणखी एक खूण आहे. निवेदनात 'दोन्ही बाजूंनी' असं लिहिलंय, की एखाद्याचं नाव घेतलंय? नाव घेतलेलं निवेदन क्वचित येतं, कारण नाव घेतलं की पुढे मध्यस्थी करता येत नाही. काकींना हे चटकन पटलं. गावकीत समेट घडवणारा माणूस बैठकीआधी चुकलेल्याचं नाव चावडीवर घेत नाही.

सुरक्षा परिषदेत १५ देश आहेत. ठरावाला ९ मतं लागतात, आणि अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन, फ्रान्स या पाचांपैकी एकानेही विरोधात मत दिलं की ठराव पडतो. हाच नकाराधिकार. त्यामुळे ज्या युद्धात या पाचांपैकी कुणाचा हात किंवा मित्र आहे, तिथे परिषद अडते. गाझाचं पाहा. कित्येक महिने ठराव अडत राहिले. २५ मार्च २०२४ रोजी २७२८ क्रमांकाचा ठराव १४ मतांनी झाला, अमेरिका तटस्थ राहिली. त्यात रमजानच्या महिन्यासाठी तातडीच्या शस्त्रसंधीची 'मागणी' होती. रमजानचे तेव्हा दोन आठवडे उरलेले होते. लगेच वाद सुरू झाला, की हा ठराव बंधनकारक आहे की नाही. एक क्रियापद, त्यावर जगभरचे कायदेपंडित भांडले, आणि बॉम्ब पडतच राहिले. मला यातलं दुःख बाजूला ठेवून लिहिता येत नाही. हे सांगायलाच हवं, की यंत्रणा अशीही अपयशी ठरते.

आमसभेत नकाराधिकार नाही, पण तिचे असे ठराव बंधनकारकही नसतात. १२ डिसेंबर २०२३ ला गाझातल्या शस्त्रसंधीसाठी १५३ देशांनी बाजूने मत दिलं. त्यात भारतही होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमधल्या अशाच ठरावावर आपण तटस्थ राहिलो होतो. आमसभेचं मत म्हणजे जग कुठल्या बाजूला कलतंय याची मोजणी. तिच्याने तोफ थांबत नाही, पण तोफ चालवणाऱ्याच्या मित्रांना प्रत्येक मोजणीनंतर उत्तर देणं जड जातं.

दुपारचे तीन पस्तीस

आता आपल्या अंगणातली गोष्ट. २२ एप्रिल २०२५ ला पहलगाममध्ये २६ जणांना मारलं. त्यांत पनवेलचा एक आणि डोंबिवलीचे तिघे होते. ७ मे रोजी देशभर युद्धकाळातल्या बचावाचं मॉक ड्रिल ठरलं होतं. यादीत तारापूर, उरण, रोहा, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशी आपल्याच किनाऱ्यावरची नावं होती. त्याच दिवशी पहाटे 'ऑपरेशन सिंदूर' झालं. तराफ्यावर जाळं सांधणाऱ्या माणसापर्यंत प्रत्येकाच्या तोंडी तेव्हा एकच विषय होता.

त्या चार दिवसांत जगाच्या प्रत्येक कोपऱ्यातून संयमाची आवाहनं आली. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस अँतोनियो गुतेरेस तर त्याआधीच सांगून चुकले होते, की लष्करी मार्ग हा उपाय नाही. पण गोळीबार थांबला तो १० मे रोजी, आणि थांबला कसा, ते आपले परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांनी दोन-चार वाक्यांत सांगितलं. दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी पाकिस्तानच्या डीजीएमओंनी, म्हणजे लष्करी कारवाया सांभाळणाऱ्या महासंचालकांनी, भारताच्या डीजीएमओंना फोन केला. संध्याकाळी ५ वाजल्यापासून जमिनीवर, हवेत आणि समुद्रात गोळीबार आणि लष्करी कारवाई थांबवायची असं ठरलं. १२ मे रोजी दोघांनी पुन्हा बोलायचं, हेही ठरलं.

या निवेदनात काय काय आहे बघा. कोणी कोणाशी बोललं, किती वाजल्यापासून, कुठे कुठे, आणि पुढचं बोलणं कधी. आवाहन आणि समझोता यांतला फरक या चार प्रश्नांनी कळतो. ज्या बातमीत यातलं एकही उत्तर नाही, ते अजून आवाहनच आहे.

श्रेय कोणाचं, यावर मतभेद राहिले. अमेरिकेने आपण मध्यस्थी केली असं जाहीर केलं, पाकिस्तानने तिचे आभार मानले, भारताने सांगितलं की दोन लष्करांचं थेट बोलणं झालं. भारताचा हा आग्रह जुना आहे. १९७२ च्या सिमला करारात दोन देशांनी आपले वाद आपसांत सोडवायचं मान्य केलं, त्यावर तो उभा आहे. वाचकाने या वादात फार अडकू नये असं मला वाटतं. दोन लष्करांमधली, शांततेच्या काळातही चालू ठेवलेली थेट फोनची हॉटलाइन त्या दुपारी कामी आली, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

थांबल्यावर राखण कोण करणार, हा पुढचा प्रश्न, आणि बहुतेक शस्त्रसंध्या इथेच मोडतात. लेबनॉन आणि इस्रायल यांच्यातलं २००६ चं युद्ध १७०१ क्रमांकाच्या ठरावाने थांबलं. सीमेपासून लितानी नदीपर्यंत लेबनॉनचं सरकारी सैन्य आणि संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना सोडून कुणीही शस्त्र बाळगू नये, असं त्यात होतं. त्या शांतिसेनेत आपले भारतीय जवानही अनेक वर्षं आहेत. पण शांतिसेना पाहते, नोंदवते, कळवते. कुणाची शस्त्रं हिसकावून घेत नाही. हिजबुल्ला या लेबनॉनमधल्या सशस्त्र संघटनेची शस्त्रं तिथेच राहिली, इस्रायलची विमानंही लेबनॉनच्या आकाशात येत राहिली, आणि २०२३ मध्ये पुन्हा भडका उडाला. २७ नोव्हेंबर २०२४ ला नवी शस्त्रसंधी झाली, त्यानंतरही हल्ले होत राहिले.

तोफा चालू असताना

आता दुसरी गोष्ट, जी मला पहिलीपेक्षा मोठी वाटते.

१२ ऑगस्ट १९४९ च्या चार जिनिव्हा करारांपैकी चौथा सामान्य नागरिकांसाठी आहे. भारताने ते करार स्वीकारले, आणि १९६० मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदाही केला. १९७७ मध्ये त्यांना जोड-करार झाले. भारत त्यांत सामील नाही, पण त्यांतले मूळ नियम आता रूढ कायदा म्हणून सगळ्यांनाच लागू मानले जातात. नियम तीन. लढणारा आणि न लढणारा यांत भेद करा. लष्करी फायद्याच्या मानाने नागरिकांची हानी फार होणार असेल, तर तो हल्ला करू नका. आणि हल्ला करण्याआधी शक्य ती सगळी खबरदारी घ्या.

तिसरा नियम मला एका जुन्या पत्राने नीट समजला. चिपळूणजवळ हलवर्ण इथे छावणी करून राहिलेल्या आपल्या लष्करातल्या जुमलेदार-हवालदारांना शिवाजी महाराजांनी पाठवलेलं ते पत्र. धान्य, वैरण, भाजी लागेल ती बाजारातून विकत आणा, रयतेला त्रास देऊ नका, हे त्यात आहेच. पण पुढे बारीक काळजी आहे: कुणी आगटी पेटवेल, कुणी दिवा तसाच ठेवून झोपेल, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंज्या जळतील. आपल्या सैन्याच्या नुसत्या असण्यामुळे लोकांचं काय नुकसान होऊ शकतं, याचा आधी विचार करा, एवढाच हुकूम. आजचा कायदा 'खबरदारी' म्हणतो ती हीच.

या नियमांबद्दल दोन गैरसमज मी वारंवार ऐकते. पहिला, 'त्यांनी मोडले, मग आपण का पाळायचे?' कायदा याला मुभा देत नाही. समोरचा शाळेत तोफ लपवत असेल तर तो गुन्हा करतो; पण त्या शाळेतली मुलं नागरिकच राहतात, आणि हल्ला करणाऱ्याला त्यांची गणती करावीच लागते. दुसरा, 'आधी इशारा दिला होता, मग राहिले कशाला?' इशारा देणं ही खबरदारीच आहे. पण म्हातारे, आजारी, बाळंतिणी, ज्यांच्याकडे गाडी नाही ते मागे राहतात, आणि मागे राहिल्याने कुणाचं नागरिकपण जात नाही. आमच्याकडे पूर आला की दवंडी पिटूनही घरात राहणारी माणसं असतात. वाशिष्ठीचं पाणी चढताना त्यांना कुणी 'आता तुमचं तुम्ही बघा' म्हणत नाही.

नियम असूनही मोडतात, हे रोज दिसतं. मग उपयोग काय, असं काकींनीही विचारलं. दोन उदाहरणं सांगितली, दोन्ही आपल्या किनाऱ्यावरची.

एक तारापूरचं. अणुवीजकेंद्रावर हल्ला झाला तर पालघर जिल्ह्याचं आणि मुंबईचं काय होईल, हे सांगायला नको. ३१ डिसेंबर १९८८ रोजी भारत आणि पाकिस्तान यांनी एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार केला. दरवर्षी १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या केंद्रांची यादी एकमेकांना देतात. १९९२ पासून हे अखंड चालू आहे. कारगिलच्या वर्षानंतरही, संसदेवरच्या हल्ल्यानंतरही, मुंबईनंतरही. आपल्या नाजूक जागांचे पत्ते शत्रूला आपण होऊन कळवायचे, म्हणजे 'माहीत नव्हतं' ही सबब उरत नाही.

दुसरं मच्छिमारांचं. १८९८ मध्ये अमेरिका आणि स्पेन यांच्या युद्धात अमेरिकी आरमाराने क्यूबाच्या किनाऱ्याजवळ दोन मासेमारी बोटी पकडल्या, 'पाकेते अबाना' आणि 'लोला'. युद्ध सुरू झाल्याचं खलाशांना माहीतही नव्हतं. मासळीसकट पकडून नेलेल्या त्या बोटी लिलावात विकल्या, एक ४९० डॉलरना, दुसरी ८०० ना. मालक कोर्टात गेले. ८ जानेवारी १९०० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच आरमाराच्या विरुद्ध निकाल दिला: किनाऱ्यालगत मासेमारी करून पोट भरणाऱ्या बोटी युद्धातही पकडायच्या नाहीत, हा समुद्राचा फार जुना रिवाज आहे. थेट १४०३ सालचा इंग्लंडच्या राजाचा हुकूम त्यांनी दाखला म्हणून दिला. १९०७ च्या हेग करारात तो नियम लिहिला गेला. अट एकच, बोटीने लढाईत भाग घेता कामा नये. म्हणून २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करायला आलेल्यांनी 'कुबेर' ही मासेमारी बोट वापरली, तेव्हा त्यांनी मुंबईबरोबरच अरबी समुद्रातल्या प्रत्येक नाखव्याची ढालही भेदली. तेव्हापासून ओळखपत्रं, नोंदी, तपासण्या यांचं ओझं कोळी सोसतो आहे.

डहाणू-तलासरीकडचे खलाशी हंगामात पोरबंदर-वेरावळच्या बोटींवर जातात. समुद्रात रेघ आखलेली नसते. बोट वाहवत पलीकडे गेली की कराचीच्या तुरुंगात. त्यांचा गुन्हा हद्दीचा, आणि समुद्री कायद्याचा संयुक्त राष्ट्रांचा करार म्हणतो, की देशा-देशांत तसं वेगळं ठरलेलं नसेल तर अशा मासेमारीच्या गुन्ह्याला कैदेची शिक्षा असू नये. तरी वर्षं जातात. पण २१ मे २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दर १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या ताब्यातल्या कैद्यांच्या याद्या देतात. १ जुलै २०२५ रोजी, म्हणजे तोफा थांबून दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, या याद्या दिल्या गेल्या. पाकिस्तानच्या यादीत १९३ मच्छिमार होते. माणूस सुटत नाही, पण जिवंत आहे आणि कुठे आहे हे घरी कळतं. ज्या घरात सहा महिने फोन आलेला नाही, तिथे यादीतल्या त्या एका ओळीचं मोल काय, ते त्या घरालाच विचारावं.

काकी सगळं ऐकून घेत होत्या. मग काही दिवसांनी पट्टीवर पुन्हा 'शस्त्रसंधी' आलं. त्या ओटीवर आल्या, बसल्या नाहीत. "किती वाजल्यापासून, ते लिहिलंनी नाय. आणि गो, समुद्र धरलानी काय त्यात?"

मी फोन घेतला आणि मूळ निवेदन शोधू लागले.